सगळ्यांत जवळचा परदेश

चौल, ८ मे १९५५

शाळेला सुट्टी लागली, म्हणून पुन्हा रोजनिशी. मागच्या वर्षीची जूनमध्येच बुडाली होती. यंदा बघू.

काल अलिबागचे दिनानाथ वाडीत आले होते. साप्ताहिक चालवतात आणि दर आठवड्याला ते बुडालं असं सांगतात. शहाळं संपवून म्हणाले, "मास्तर, तुमचं सदर मात्र बंद करू नका. लोक आधी तेच वाचतात." सदराचं नाव 'खिशाला परवडणारे परदेश'. लंडन-पॅरिसच्या आरत्या सगळेच ओवाळतात. ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि जिथे माझ्यासारखा मास्तरही जाऊन येऊ शकेल, असे देश मी शोधतो. सिलोन झालं, ब्रह्मदेश झाला, नेपाळ झाला, बसरा झालं. आता झांझिबार घेतोय.

मी यांतल्या एकाही ठिकाणी गेलेलो नाही. पण भूगोल शिकवायला पृथ्वीप्रदक्षिणा थोडीच करावी लागते? रेवदंड्याचा सदा पंधरा-वीस वर्षं मोठ्या बोटींवर खलाशी होता. त्याला बसवून विचारलं की बंदरं येतात, खाणावळी येतात, कुठे पाणी उकळून प्यावं तेही येतं. बाकीचं नकाशा सांगतो.

अनुसूया म्हणाली, "झांझिबार कशाला? मला अजून राणीची बाग दाखवली नाहीत."

मी म्हटलं, "राणीच्या बागेत काय आहे? लेक परदेशात दिलीय, तिच्याकडे जाऊ." दोन वर्षांपूर्वी कुमुदला गोव्यात म्हापशाला दिली, तेव्हापासून हे वाक्य मी चारचौघांत वापरतो. आमचं कुलदैवत तिकडचं, माणसं चांगली, जावई हरेश्वर शिकलेला. लग्न इथे वाडीतच झालं, त्यामुळे गोवा अजून मीही पाहिलेला नाही.

२ जून

कुमुदला या महिन्याच्या वीस तारखेला सातवा लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी सांगायला नको. अनुसूयेनं माळ्यावरचा पाळणा उतरवून घेतला, दोऱ्या बदलल्या, कड्यांना तेल दिलं. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"सातव्यातच आणू या. आगगाडीनं जा नि घेऊन या."

मी समजावलं. ऐन पावसाळा, दोनदा गाड्या बदलायच्या, घाटातले धक्के. त्यापेक्षा नववा लागला की आणू. तोवर नारळी पौर्णिमा होते, दर्या निवतो, बोट सुरू होते. पणजीहून निजून आली की मुंबईला जाग.

"आणि मधेच काही झालं तर?"

"मधे म्हणजे आठव्यात. आठव्यात तू तरी आणू देशील का?" आठव्यात पोटुशीनं गावाची वेस ओलांडायची नाही, हा तिच्याच आईचा नियम. ती गप्प झाली. गप्प बसली म्हणजे पटलं.

खरं सांगायचं तर बोटीत माझाही थोडा स्वार्थ आहे. डेकवरून गोव्याचा किनारा बघत जाईन. एक तरी देश डोळ्यांनी बघून लिहीन.

१० जुलै

'गोवा: सगळ्यांत जवळचा परदेश' छापून आलं. चांगलं उतरलं आहे. बोटीनं एक रात्र, भाषा निम्मी आपलीच, जेवण आपलं, पाव मात्र त्यांचा. एवढा सोयीचा देश आणि आपण बघतो सिलोनकडे. काखेत कळसा नि गावाला वळसा, असा शेवट केला.

सत्याग्रहाच्या बातम्या रोज आहेत. पण पोर्तुगीज चारशे वर्षं बसलेत, माझ्या लेकीच्या बाळंतपणापर्यंत बसायला त्यांना काय हरकत आहे?

१८ जुलै

दिनानाथ घाबरून आले. अलिबागची चार-सहा पोरं छापखान्यात शिरली. "गोवा परदेश? गोवा आमचा!" असं म्हणून त्यांनी अंकाचा गठ्ठा विहिरीत टाकला. पुढच्या अंकात दिलगिरी छापणार आहेत.

मी नकाशाबद्दल लिहिलं होतं. नकाशावर तो रंग वेगळा आहे, त्याला मी काय करू? पण पोरांचंही खरं आहे. मला गोवा कुणाचा हा प्रश्न पडलाच नव्हता. मला बोटीची वेळ काय, हा पडला होता.

कुमुदचं डोहाळजेवण झालं. आजपासून दोन दिवसांनी आठवा.

३ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

रेवदंड्याला बंदरावर गेलो. कोळ्यांनी वाजतगाजत येऊन नारळ सोडला, होड्यांना फुलं. मला वाटलं, चला, दर्या उघडला.

सदा भेटला. "मास्तर, पनजीची बोट यंदा न्हाय सुटनार असं बोलतान."

"कोण बोलतं?"

"धक्क्यावरची समदीच. दर्या उघारला, पन सरकारनं न्हाय उघारला."

घरी सांगितलं. अनुसूया नारळीभात करत होती. म्हणाली, "मग आगगाडी." मी म्हटलं, हो, आगगाडी. वीस तारखेला नववा लागतो. एकोणीसला निघतो, रजा मिळालीच आहे.

१६ ऑगस्ट

काल सरहद्दीवर गोळीबार झाला. निःशस्त्र माणसं मारली. वाचनालयाच्या रेडिओपाशी सगळा गाव उभा होता. शाळेत आज दुखवट्याची सभा झाली. मुख्याध्यापकांना बोलता येईना, म्हणून मी बोललो, आणि बोलताना मलाही रडू आलं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. बातमी ऐकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो आगगाडीचा. त्याची लाज वाटते. पण आला खरा.

१९ ऑगस्ट

गाडी बंद. पलीकडे जाणारी एकही गाडी नाही. पिशवी भरून ठेवली होती, त्यात कुमुदसाठी सुंठीचे लाडू होते. अनुसूयेनं ते काढून डब्यात ठेवले.

२६ ऑगस्ट

अधिक भाद्रपद चालू आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं. अनुसूयेनं तांदूळ भिजवले, कुटले, तेहतीस अनारसे केले. एकही तुपात फुटून हसला नाही, सगळे जाळीदार झाले.

"कुणाला देणार?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"जावयाला," ती म्हणाली. "जावयाच्या नावानं देवाला."

रामेश्वराच्या देवळात ठेवून आली. येताना शेजारच्या नीराबाईकडे थांबली. तिच्या सुनेलाही हेच दिवस आहेत. ती मात्र माहेरी सुखरूप पोचली, पेणला.

२ सप्टेंबर

अलिबाग. कचेरीत चार टेबलं फिरलो. शेवटच्या टेबलावरचे गृहस्थ सभ्य होते, बसायला खुर्ची दिली.

"गोव्याला जायचं तर पासपोर्ट लागेल का?" मी विचारलं.

"पासपोर्ट कशाला? गोवा परदेश नाही. आपलाच मुलूख आहे."

"मग गाडी का नाही?"

"गाडी कशी असेल? तिथं पोर्तुगीज आहेत."

"साहेब, मुलीचं पहिलं बाळंतपण आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, माझी बहीण मडगावला आहे," ते म्हणाले. मग त्यांनी मुंबईला अर्ज करायला सांगितलं, पण तेही फारशा आशेनं नाही.

परदेश नाही म्हणून परवाना नाही, आपला नाही म्हणून रस्ता नाही. पंचवीस वर्षं भूगोल शिकवतोय. असा देश मी कधी फळ्यावर काढला नव्हता.

९ सप्टेंबर

मुंबईला जाऊन आलो. एक वाट सापडली! धक्क्याजवळच्या एका गोवेकर खाणावळवाल्यानं सांगितली. इथून कराची, कराचीहून पोर्तुगीज बोट, ती मुरगावला लागते. कराची परदेश, तेव्हा तिथे जायला पासपोर्ट मिळतो. दक्षिणेला जाण्यासाठी उत्तरेला जायचं, एवढंच. खर्चाचंही जमेल. स्वस्तात जाण्याचा मार्ग काढणं हा तर माझा धंदा आहे.

घरी आल्यावर नकाशा पसरून अनुसूयेला बोटानं वाट दाखवली. चौल, मुंबई, कराची, मुरगाव, म्हापसा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"किती दिवस लागतील?"

"पासपोर्ट हातात आला की दहा-बारा."

"आणि पासपोर्टाला?"

तिनं नकाशाची घडी घातली, अगदी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. शांत आहे ती. मीच उगाच कासावीस होतो.

१७ सप्टेंबर

पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस जमादार आले. माणूस वाईट नव्हता. घर पाहिलं, वाडी पाहिली, मग खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं. माझाच लेख.

"हे तुम्हीच लिहिलंत? गोवा परदेश आहे असं?"

"ते सहलीच्या दृष्टीनं..."

"आणि आता कराचीमार्गे पोर्तुगीज बोटीनं तिकडंच जायचंय." त्यांनी कात्रण परत खिशात ठेवलं. "मला कळतंय मास्तर, मलाही दोन लेकी हायत. पन वर काय लिहू? सांगा तुम्हीच."

अनुसूयेनं त्यांना चहा दिला. जाताना ते तिला म्हणाले, "ताई, देव सांभाळील." ती म्हणाली, "हो. आता त्याच्याशिवाय आहे कोण?"

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "तो लेख लिहिला नसता तर..." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सातव्यात गाडी होती."

एवढंच. आणि सूप जवळ ओढलं.

१ ऑक्टोबर

दिवस भरून गेले. काय झालं असेल? तार जात नाही, पत्र कुठून तरी वळसा घेऊन येतं नाहीतर येतच नाही. गणपती आले नि गेले. मी आरती म्हटली, शब्द कुठले होते आठवत नाही.

दिनानाथांना झांझिबार पाठवून दिलं. लवंगांचा वास बंदरात शिरण्याआधीच येतो, वगैरे. लिहिताना बरं वाटतं. तिथे माझं कुणी अडकलेलं नाही.

१४ ऑक्टोबर

सदा आला! धावतच वाडीत शिरला. वेंगुर्ल्याचा एक मचवा रेवदंड्याला लागला आहे, त्याच्या तांडेलाला पलीकडच्या कुणीतरी निरोप दिला, त्यानं याला दिला.

"मास्तर, नात झाली तुम्हाला! माय-लेकी बऱ्या हायत."

"कधी झाली? कुमुद कशी आहे? अशक्त आहे का? नाव काय ठेवलं?"

"येवढंच बोलला तो. नात झाली, बऱ्या हायत."

अनुसूयेनं त्याच्या हातावर साखर ठेवली आणि तिथेच पायरीवर बसून रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी पाठीवर हात ठेवला तो तिनं बाजूला केला नाही, पण धरलाही नाही.

१६ ऑक्टोबर

आज अनुसूयेनं बारसं केलं. मी म्हटलं, अगं, बारावा दिवस केव्हाच उलटला असेल, आणि मूल कुठे आहे? ती म्हणाली, "पाळणा आहे ना." नीराबाईला आणि आळीतल्या दोघीतिघींना बोलावलं.

बारशाला वरवंटा नटवून पाळण्याखालून-वरून फिरवतात, ते सगळीकडेच करतात. पण त्यानंतर पाळण्यात मूल ठेवायचं असतं. अनुसूयेनं वरवंट्याला टोपडं बांधलं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत फिरवला आणि तोच पाळण्यात निजवला. वाकून त्याच्या कानाशी नावही सांगितलं. कुर्र करायला नीराबाई पुढे झाली, पण तिला हुंदका आवरेना. मी ओटीवर येऊन उभा राहिलो. एवढा मोठा माणूस मी, सुपारीच्या झाडांकडे बघत उभा.

काय नाव सांगितलं, ते मला विचारवलं नाही.

२० फेब्रुवारी १९५६

हरेश्वरांचं पत्र, नोव्हेंबरात लिहिलेलं. मुलीचं नाव शांता, शांतादुर्गेवरून. कुमुदला फार त्रास झाला, पण आता हिंडते-फिरते. "शेवटचे दोन दिवस आईंची सारखी आठवण काढत होती," असं लिहिलं आहे. ते वाक्य वाचून दाखवताना मी गाळलं. अनुसूयेला वाचता येतं हे मी विसरलो होतो. दुपारी पत्र तिच्या हातात होतं.

४ नोव्हेंबर

बरेच महिने काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. दोन अर्ज परत आले, तिसऱ्याला उत्तरच नाही.

अनुसूयेला दुसऱ्यांच्या पोरांचा लळा लागला आहे. नीराबाईची नात सत्यवती आपल्या शांताच्याच बरोबरीची. तिला उठसूट बोलावते, उभी करते, दोऱ्यानं मापते. "केवढी वाढली बघा!" म्हणते. दुसऱ्याच्या पोराचं एवढं काय, असं मनात येतं, पण जीव रमतो तर रमू दे.

वाटणासाठी नवा वरवंटा आणलाय. जुना कुठे गेला कोण जाणे.

१२ मे १९५७

अलिबागला एका वाचकानं गाठलं. "मास्तर, काय हिंडलाय हो तुम्ही! सगळ्यांत आवडलेला देश कोणता?" मी मॉरिशस म्हणालो. तोंडाला येईल ते म्हणालो.

पुढचा लेख अदनवर. दिनानाथांचा आग्रह.

२३ जानेवारी १९५८

अनुसूया गेली. माघ शुद्ध. न्यूमोनिया झाला, आठ दिवसही लागले नाहीत. अलिबागचा डॉक्टर दोनदा आला.

परवा शुद्धीवर होती तेव्हा म्हणाली, "फडताळातल्या खालच्या कप्प्याला हात लावू नका. कुमुद काढील." मी म्हटलं, कुमुद कुठून येणार? म्हणाली, "येईल. तुम्ही घाई करू नका म्हणजे झालं." आणि हसली. अडीच वर्षांनी माझी थट्टा केली तिनं. मी खूप रडलो.

कुमुदला कसं कळवू?

३० मार्च

आता परमिटं सुटू लागली आहेत म्हणतात. मी कुठेही गेलो नाही, कुणाला भेटलो नाही, कसला मार्ग काढला नाही. आपोआप सुटू लागली. दोन महिने आधी सुटली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

१७ मे १९५८

काल कुमुद आली. शांताला घेऊन, एकटीच, पंधरा दिवसांच्या परमिटावर. सरहद्द पायी ओलांडून आगगाडीनं मुंबईला, तिथून इकडे. एवढंसं अंतर. मी धक्क्यावर गेलो होतो. तिनं वाकून नमस्कार केला आणि माझ्या मागे बघितलं. आई गेल्याचं पत्र पोचलं होतं, तरी बघितलं.

शांता अडीच वर्षांची आहे. नाक अनुसूयेचं. माझ्याकडे येत नाही, आईच्या पदराआडून बघते. कोकणीत बोलते, मला निम्मं कळतं. बरोबर आहे तिचं, तिच्या दृष्टीनं हा मुलूख परका आणि मीही परका.

आज सकाळी कुमुदनं फडताळ उघडलं. खालच्या कप्प्यात जुना वरवंटा, टोपडं घातलेला, दुपट्यात गुंडाळलेला. त्याच्याखाली कपडे. झबली, मग थोडी मोठी झबली, मग झगे, आणि सगळ्यांत खाली खणाचा एक परकर. दोऱ्याचा एक गुंडाही होता, गाठी मारलेला. तेव्हा मला सत्यवतीची मापं आठवली. दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर ती शिवत होती आणि मी अदन लिहीत होतो.

शांतानं वरवंटा उचलायला बघितला. तो उचलेना, म्हणून त्याच्या टोपड्यावरून हात फिरवला. मग परकर ओढला.

"हें कोणाचें?" तिनं विचारलं. मला विचारलं, माझ्याकडे बघून.

"तुझं," मी म्हटलं. "आजीनं शिवलंय."

कुमुदनं तिला तिथेच परकर नेसवला. बरोबर घोट्यापर्यंत आला. झबली नि झगे एकेका वर्षाचे होते, ते वाया गेले. हा मात्र तिनं वाढत्या अंगाचा केला होता. आत काठाला दुमड्या घालून टाके मारले होते, वर्षाला एक उसवायची अशा. कुमुदनं बोटांनी मोजल्या, पाच होत्या. मी दर अर्जाला म्हणत असे, पुढच्या महिन्यात नक्की. ती "हं" म्हणायची आणि पाच वर्षांचं कापड आत दुमडायची.

दिनानाथांचा माणूस दुपारी लेखाला आला होता. नाही म्हणून सांगितलं. परमिटाचे चौदा दिवस उरलेत. शांता परकर काढू देत नाही, तशीच निजली आहे.